पॉल जाकुलेच्या जपानी वुडब्लॉक प्रिंट्स गोळा करायच्यात? आधी हे वाचा

जून २०२३. टोकियोत त्सुयू म्हणजे तिकडचा पावसाळा चालू होता, छत्री ऑफिसात विसरलो होतो आणि भिजायला नको म्हणून हाराजुकूच्या ओता मेमोरियल म्युझियममध्ये शिरलो. हे उकियो-एचं, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या जुन्या जपानी चित्रांचं म्युझियम, त्यामुळे होकुसाईची लाट नाहीतर हिरोशिगेचा पूल असेल असं धरून चाललो होतो. आत बघतो तर भिंतीवर पॅसिफिकमधल्या याप बेटावरची पोरं, कोरियातली नवरी, मोत्यांनी लगडलेली मांचू (मांचुरियातली) बाई, सगळं अस्सल जपानी ठशांनी छापलेलं आणि खाली पेन्सिलीत एका फ्रेंच माणसाची, पॉल जाकुलेची, सही. दोन तास तिथेच होतो, पाऊस कधी थांबला कळलंही नाही.

तेव्हापासून त्याच्या सात प्रिंट्स घेतल्या. त्यातल्या दोन घ्यायलाच नको होत्या, आणि एक चांगली होती ती पुण्यात आल्यावर वाया गेली, ते पुढे सांगतोच. मराठीत यावर काही सापडत नाही आणि इंग्रजीत सापडतं ते सगळं विकणाऱ्यांनी लिहिलेलं, म्हणून हा खटाटोप.

नावाचं आधीच सांगून ठेवतो. फ्रेंच उच्चार जाकुले, पण जपानी माणूस जाकुरे म्हणतो. टोकियोच्या दुकानात जाकुरेच म्हणा नाहीतर समोरचा बघतच राहतो. आणि ऑनलाइन शोधताना त्याचं काताकाना लिपीतलं नाव कॉपी करून ठेवा, फ्रेंच स्पेलिंग टाकून जपानी साइटवर शोधलंत तर निम्मा माल दिसतच नाही.

१. आधी हा माणूस कोण ते समजून घ्या

जन्म १८९६, पॅरिस. पण अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर टोकियोला आला आणि तिकडचाच झाला, जपानी बोलायचा, गिदायू (जपानी बाहुलीनाट्यातलं कथागायन) गायचा, फुलपाखरं जमवायचा. त्यामुळे "युरोपियन चित्रकार जपानला गेला आणि तिकडची कला शिकला" असं याच्याबाबतीत म्हणता येत नाही. १९२९ मध्ये दक्षिण समुद्रातल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियाच्या बेटांवर गेला, ती बेटं तेव्हा जपानच्या ताब्यात होती. आई दुसरं लग्न करून सोलला राहायला गेलेली, म्हणून कोरियाच्या फेऱ्या. पहिली वुडब्लॉक प्रिंट १९३४ ची, त्यातल्याच सायपान बेटाची मुलगी आणि जास्वंदीची फुलं. महायुद्धात कारुइझावा या थंड हवेच्या गावी राहायला गेला, तिथेच १९६० मध्ये वारला. एकूण साधारण १६० प्रिंट्स, जवळपास सगळ्या माणसांच्या.

कलेक्टरच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की बहुतेक शिन-हांगा, म्हणजे विसाव्या शतकातल्या नव्या धाटणीच्या प्रिंट्स, वातानाबेसारखे प्रकाशक काढायचे, जाकुले मात्र स्वतःच प्रकाशक होता. कागद कुठला, खोदणार कोण, छापणार कोण, किती रंग, सगळं तो ठरवायचा आणि पैसे आगाऊ घेऊन वर्गणीदारांना प्रिंट्स द्यायचा. शिवाय खोदणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव तो समासात छापायचा. हे मला फार आवडतं. यामागिशी हा खोदणारा आणि होंदा, फुजिई ही छापणाऱ्यांची नावं तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटतील.

एक मात्र डोळे उघडे ठेवून बघा. यातले बरेच चेहरे त्या काळी जपानच्या सत्तेखाली असलेल्या लोकांचे आहेत, कोरिया १९१० ते १९४५ जपानकडे होता. आपल्याकडे साहेबाच्या काळातली "नेटिव्ह" लोकांची पोस्टकार्डं बघताना जसं जरा टोचतं तसं काही प्रिंट्सबद्दल मला होतं, आणि अशी एक प्रिंट मी सोडून दिली. तुमचं तुम्ही ठरवा. पण शीर्षकं वाचताना याचा उपयोग होतो, कारण जुनी नावं तशीच आहेत, त्रुक म्हणजे आजचं चूक (Chuuk) बेट, पोनापे म्हणजे पोह्नपेई, आणि मोत्यांवाल्या बाईची प्रिंट १९५० ची असूनही शीर्षकात मांचुकुओच आहे, मांचुरियात जपानने उभं केलेलं ते बाहुलं राज्य १९४५ लाच संपलेलं.

२. प्रिंट होते कशी ते एकदा नीट बघा

ही पायरी लोक गाळतात आणि मग फसतात. मीही गाळली होती.

चित्रकार चित्र काढतो. खोदणारा जंगली चेरीच्या फळीवर आधी रेषांचा ठसा खोदतो, मग एकेका रंगाचा वेगळा. छापणारा ठशावर पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ लावतो, वर किंचित ओलसर वॉशी (पारंपरिक जपानी) कागद ठेवतो आणि पाठीमागून बारेनने घासतो. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली गोल चकती. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात केन्तो नावाच्या खाचा असतात. आपल्याकडचं ठशांचं कापड छापताना बघितलं असेल तर त्याच्या बरोबर उलटं समजा, तिथे कापड खाली आणि ठसा वरून मारतात, इथे ठसा खाली आणि कागद वर.

याचा परिणाम काय, तर रंग कागदात मुरतो आणि पाठीमागे थोडा उतरतो, आणि घासल्याच्या गोल गोल खुणा मागे राहतात. हे लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागणार आहे.

त्यात जाकुलेचे लाड वेगळे. अभ्रकाची पूड, धातूची पूड, लाखेसारखी चकाकी, रंगाशिवाय नुसता ठसा दाबून उठवलेली नक्षी (याला काराझुरी म्हणतात, कोरियन झग्याच्या पांढऱ्यावर पांढरी वेलबुट्टी असते ती), आणि एका प्रिंटला डझनावारी वेळा कागद ठशावर ठेवायचा. गंमत म्हणजे यातलं काहीच फोटोत दिसत नाही. आपण ज्यासाठी जास्तीचे पैसे देतो नेमकं तेच फोटोत दिसत नाही, म्हणून स्क्रीनवर बघून प्रेमात पडणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

३. सहा महिने नुसतं बघा, खिशात हात घालू नका

जपानमध्ये राहत असाल किंवा फिरायला जाणार असाल तर टोकियोचं जिम्बोचो. जुन्या पुस्तकांची आळी, आपल्या अप्पा बळवंत चौकासारखी, फक्त कितीतरी पट मोठी आणि शांत. निशी-कासाईला आपली बरीच मंडळी राहतात त्यांच्यासाठी, तोझाई लाइनने कुदानशिता, तिथून चालत दहा मिनिटं. हारा शोबो, यामादा शोतेन ही प्रिंट्सची नावाजलेली दुकानं तिथेच आहेत. जिना चढून वर जावं लागतं, आत कोणी बोलत नाही, आपण चुकून कोणाच्या देवघरात शिरलो असं वाटतं. घाबरू नका. "जाकुरे असेल तर बघू का" एवढं विचारलंत तरी काढून दाखवतात, न घेता निघालात तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

रीत एवढीच: हात कोरडे, पेन खिशात, बॅग खाली, आणि प्रिंट दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरायची. मागची बाजू बघायची असेल तर स्वतः उलटू नका, विचारा. "उरा ओ मितेमो ई देस का?" हे वाक्य पाठ करा. मी हे विचारल्यावर एका दुकानातले आजोबा पहिल्यांदा हसले आणि मग आतून अजून तीन प्रिंट्स घेऊन आले.

पॅरिसला कोणी असेल तर के ब्रान्ली म्युझियमकडे जाकुलेच्या दत्तक मुलीने दिलेला मोठा संग्रह आहे, २०१३ मध्ये त्याच्या मायक्रोनेशियाच्या कामावर तिथे प्रदर्शनही झालं होतं. अमेरिकेतल्यांसाठी बॉस्टन, होनोलुलू, पॅसाडीना इथली म्युझियमं. आणि घरबसल्या म्युझियमांच्या ऑनलाइन संग्रहात मोठे फोटो फुकट आहेत. एकच प्रिंट चार ठिकाणची उघडा आणि रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठली उन्हात पडली होती ते आपोआप कळायला लागतं.

४. सामान

फार काही नाही. दहापट दाखवणारं भिंग (सोनाराकडे असतं तसलं), छोटा टॉर्च, छोटा यूव्ही टॉर्च, मोजपट्टी, आणि सगळ्या प्रिंट्सची यादी असलेला कॅटलॉग. रिचर्ड माइल्सचा १९८२ चा कॅटलॉग प्रमाण धरतात, दुकानदार त्याचेच नंबर देतात. पुस्तक महाग पडतं, लायब्ररीत मिळालं तर बघा, नाहीतर नंबर दुकानदाराला विचारा.

५. खरी की नुसता छापील कागद? या क्रमाने तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. सगळे नवखे आधी सही बघतात. सही शेवटी बघा.

पहिली मागची बाजू. रंग थोडा उतरलाय का, घासल्याच्या खुणा आहेत का? मागे कोरा करकरीत पांढरा गुळगुळीत कागद असेल तर पुढचं काही बघायचं कारणच नाही. बऱ्याच प्रिंट्सच्या मागे एडिशन नंबरचा, म्हणजे एकूण प्रतींतली ही कितवी ते सांगणारा शिक्काही असतो.

मग टॉर्च. खोलीतला दिवा बंद करायला सांगा (दुकानात लाजू नका, हे नेहमीचं आहे) आणि टॉर्च बाजूने, कागदाला जवळजवळ टेकवून मारा. काराझुरीची नक्षी उठून दिसते, अभ्रक चमकतं, केसांची रेघ कागदात किती दबलीय ते कळतं. फोटोवरून छापलेल्या नकलेत कागद सपाट असतो, पोळीसारखा.

मग भिंग. आपल्याकडे जुन्या घरांत रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती असते ना, मळवलीच्या प्रेसमध्ये छापलेली, तिच्यावर भिंग धरून बघा एकदा. दगडावरची छपाई असल्यामुळे रंगाचे बारीक दाणे, ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत तर रांगेने ठिपके. वुडब्लॉकमध्ये ठिपके नसतात, रंगाचा सलग थर असतो, त्यात कागदाचे धागे आणि कधीकधी लाकडाच्या रेषा दिसतात. माझ्या आजोळी अशी एक सरस्वती आहे, मी तिच्यावरच सराव केला, मामीला वाटलं मी विकायला काढतोय.

मग यूव्ही टॉर्च. नव्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी पेटतात. जुना वॉशी असा पेटत नाही. कागद उजेडावर धरला की बऱ्याच प्रिंट्समध्ये जाकुलेच्या नावाचा वॉटरमार्क दिसतो. फ्रेममध्ये असेल तर हे काहीच करता येत नाही, म्हणून फ्रेम उघडायला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. फ्रेम उघडली की सगळं बाहेर येतं.

मग माप. चित्र साधारण ३९ बाय ३० सेंटीमीटर आणि पूर्ण कागद साधारण ४७ बाय ३६. कागद बराच छोटा भरला तर समास कापलाय. मी ऑनलाइन घेतलेली पहिली प्रिंट अशीच निघाली, फोटो फ्रेममधला होता, मी विचारलं नाही, उघडली तर चारी बाजूंनी कात्री मारलेली आणि खोदणाऱ्याचं नाव अर्धं गायब. प्रिंट खरीच आहे, पण विकायला गेलो तर निम्मेही येणार नाहीत.

आता सही. जाकुले पेन्सिलीने सही करायचा. तिरकं धरलं की ग्रॅफाइटची चकाकी दिसते, बारीक दाब दिसतो. जवळ एक छोटा छापील शिक्का असतो, बदक, चिमणी, पिओनीचं फूल, फुलपाखरू, घुबड असे वेगवेगळे. कुठल्या प्रिंटला कुठला शिक्का ते कॅटलॉगशी पडताळा. नवीन लोक "घुबडवाली हवी" म्हणून शिक्क्यांच्याच मागे लागतात, तसं करू नका, शिक्का ओळखीसाठी आहे.

आणि एडिशनचा घोळ. मागे अमुक/३५० लिहिलं असलं म्हणजे ३५० निघाल्याच असं धरून चालू नका. मागणी येईल तसं छापायचं अशी पद्धत होती, युद्धात तर कागदाचीच मारामार. आणि छोटा नंबर म्हणजे चांगली प्रिंट असंही नाही. "ही १२ नंबरची आहे" म्हणून कोणी भाव वाढवला तर हसून सोडून द्या.

६. कंडिशनचे जपानी शब्द (हे लिहून घ्या)

जपानी विक्रेते साधारणपणे प्रामाणिक असतात, दोष लिहितात, पण आपल्याला ते वाचता येत नाही आणि ट्रान्सलेटर काहीतरी भलतंच सांगतो. मला एकदा "भाजणे" असं भाषांतर आलं, मी समजलो कोपरा जळलाय. ते होतं याके, म्हणजे उजेडाने कागद पिवळा-तपकिरी पडणं. सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच, कारण या प्रिंट्स युद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन लोकांनी भरपूर घेतल्या, घरी नेऊन स्वस्त पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये टांगल्या आणि चाळीस-पन्नास वर्षं तशाच ठेवल्या. पुठ्ठ्याच्या खिडकीची तपकिरी चौकट प्रिंटवर उमटलेली असते.

शिमि म्हणजे डाग, त्यात दमटपणाचे तपकिरी ठिपकेही आले. ओरे म्हणजे घडी. मुशिकुई म्हणजे किड्याने खाल्लेलं. उराउची म्हणजे मागून दुसरा कागद चिकटवलाय, असं असेल तर पाठ बघता येत नाही, म्हणजे आपली पहिली परीक्षाच गेली. गाकुसो म्हणजे फ्रेमसकट.

आता हे दोन शब्द डोक्यात कोरून ठेवा: फुकुसेई म्हणजे नक्कल आणि इन्सात्सु म्हणजे मशीनवर छापलेलं. मोकुहांगा म्हणजे लाकडी ठशाची प्रिंट, हा शब्द हवाच. एनपित्सु साइन म्हणजे पेन्सिलीची सही. आणि "नो क्लेम नो रिटर्न" लिहिलेलं असतं तिथे नंतर रडून उपयोग नाही. माझी दुसरी चूक ही. शीर्षकात मोकुहांगा होतं, खाली बारीक अक्षरात फुकुसेई, रात्री एक वाजता लिलाव संपत होता आणि मी आपला बोली वाढवतोय. आली ती छान जाड पोस्टर. बायकोने किचनमध्ये लावलीय.

मग कुठला दोष चालवून घ्यायचा? माझं मत: समासातला हलका पिवळेपणा चालतो, मागच्या बाजूला जुन्या चिकटपट्टीचा डाग असेल आणि पुढे आला नसेल तर चालतो. चेहऱ्यावर ठिपका, उडालेला गुलाबी-जांभळा रंग, खरवडलेलं अभ्रक, कापलेला समास, हे नाही. डाग काही प्रमाणात काढणारे तज्ज्ञ असतात, उडालेला रंग कोणीच परत आणू शकत नाही.

७. कुठून घ्यायची

पहिली प्रिंट दुकानातून घ्या. महाग पडते, मान्य, पण त्या किमतीत तुम्हाला तासभर शिकवणी मिळते आणि खरेपणाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. "खरी नाही असं निघालं तर परत घ्याल का" हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बिलावर शीर्षक, वर्ष, कॅटलॉग नंबर, "पेन्सिलीत सही" आणि दोष, सगळं हवं.

त्यानंतर जपानी ऑनलाइन लिलाव. भारतातून थेट बोली लावता येत नाही, मध्यस्थ कंपनी लागते, ती तुमच्या नावाने बोली लावते, माल आपल्या गोदामात घेते आणि पुढे पाठवते. तिची फी, जपानमधलं पोस्टेज, पॅकिंग, इंटरनॅशनल पोस्टेज, इथली ड्यूटी, हे सगळं आधी कागदावर मांडा. मी एकदा स्वस्तात मिळाली म्हणून नाचत होतो, हिशोब केला तर दुकानातली परवडली असती. युरोप-अमेरिकेतल्या लिलावात बोलीवर कंपनीचं वेगळं कमिशन असतं, ते विसरू नका.

भारतातल्या भारतात जाकुले मला तरी अजून मिळालेला नाही.

आणि भारतीय विषयच हवा असेल तर गडी वेगळा पकडा. चार्ल्स बार्टलेट हा इंग्रज भारत फिरून जपानला गेला आणि १९१६ मध्ये वातानाबेबरोबर ताजमहाल, बनारस, उदयपूर अशा प्रिंट्स काढल्या. जपानी चित्रकार हिरोशी योशिदाने १९३१-३२ च्या भारत मालिकेत आपलं अजिंठा केलंय. चेहरेच हवेत पण जाकुलेचा भडक नखरा नको, तर एलिझाबेथ कीथ ही स्कॉटिश बाई बघा, १९१९ मध्ये कोरियात फिरली आणि तिथली साधी माणसं फार मायेने काढली. तिच्या सुरुवातीच्या प्रिंट्स घेताना एक ध्यानात असू द्या, १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात वातानाबेचं दुकान ठशांसकट जळालं, त्यामुळे त्याआधीच्या प्रिंट्स कमी आणि महाग.

८. किमतीबद्दल थोडक्यात

बरी कंडिशन असलेली कमी प्रसिद्ध प्रिंट काही शे डॉलरमध्ये मिळते, गाजलेल्या प्रिंट्स, म्हणजे ती मोत्यांची मांचू बाई वगैरे, हजारांत जातात. बेटांवरच्या एकट्या माणसांच्या काही प्रिंट्स मागे पडतात, तिथे संधी असते. विकणाऱ्याने मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात किती ला गेली ते बघा, लिलावांच्या साइटवर संपलेले व्यवहार दिसतात. आणि "गुंतवणूक" म्हणून घेत असाल तर आपला एफडीच बरा.

९. भारतात आणताना

विमानाने स्वतः आणता आली तर सगळ्यात चांगलं. ए३ फोल्डरमध्ये मावत नाही, कोपरे दुमडतात, माझे दुमडलेत. दोन कडक फोमबोर्ड ४० बाय ५० सेंटीमीटरचे कापून घ्या, मध्ये आम्लरहित (ॲसिड-फ्री) कागद, त्यात प्रिंट, चारी बाजूंनी टेप (टेप बोर्डाला, प्रिंटला नाही!), आणि हातातल्या सामानात. बिल पासपोर्टबरोबर ठेवा, ड्यूटी-फ्री मर्यादा निघायच्या आधी बघून घ्या, वर जात असेल तर रेड चॅनेल.

कुरिअरने मागवत असाल तर हे तयार ठेवा:

- आधार आणि पॅन (कुरिअर कंपनी केवायसी मागते, आधीच अपलोड करून टाका नाहीतर पार्सल अडकून बसतं)
- विक्रेत्याचं सही-शिक्क्याचं बिल
- पैसे दिल्याचा पुरावा, कार्डाचं स्टेटमेंट चालतं
- वर्णनाचा एक परिच्छेद: हाताने छापलेली मूळ वुडब्लॉक प्रिंट, वर्ष, चित्रकाराची सही, माप

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट, लिथोग्राफ यांच्यासाठी एचएसएन कोड ९७०२ आहे आणि साध्या छापील चित्रांसाठी ४९११. पाठवणाऱ्याने बिलावर नुसतं "पोस्टर" लिहिलं की चुकीच्या खान्यात जातं. दर बदलत असतात, त्या आठवड्यात बघा. आणि विक्रेता प्रेमाने म्हणेल "किंमत कमी लिहू का, गिफ्ट लिहू का", तर नको म्हणा. खोटं तर आहेच, वर वाटेत फाटली तर विमा तेवढ्याच खोट्या किमतीचा मिळतो.

पॅकिंग सपाटच मागा. गुंडाळीत पाठवलं तर अभ्रक आणि लाखेला तडे जातात.

१०. फ्रेम आणि आपला पावसाळा

आता ती वाया गेलेली प्रिंट. कोरियन आजोबा, पांढरा झगा, त्यावर काराझुरीची इतकी नाजूक नक्षी की मी पाहुण्यांना टॉर्च लावून दाखवायचो. पुण्यात एका फ्रेमवाल्याकडे दिली, नेहमीचा, घरातले सगळे फोटो त्याच्याकडचेच. सांगितलं, भाऊ जपून, जपानी आहे. त्याने खरंच जपून केलं. कागद जरा लाटेसारखा वाटत होता म्हणून हार्डबोर्डवर फेविकॉल लावून मस्त सपाट चिकटवली, आणि फ्रेममध्ये बसेना म्हणून समास कापला. माणूस इतक्या कौतुकाने दाखवत होता की मला रागावताही येईना. झग्यावरची नक्षी गेली, कायमची, दाबून सपाट. चूक माझीच, "जपून" म्हणजे काय ते मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून फ्रेमवाल्याला हे लिहून द्या, तोंडी नको: काही चिकटवायचं नाही, काही कापायचं नाही, इस्त्री नाही, सेलोटेप नाही. प्रिंट वरच्या दोन कोपऱ्यांना वॉशीच्या छोट्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगायची, बाकी मोकळी. मागे आणि पुढे आम्लरहित माउंटबोर्ड. काचेला प्रिंट टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. काच यूव्ही अडवणारी. तो म्हणेल एवढं कशाला, तर तिथेच उभे राहा.

कुठे लावायची? उन्हाच्या समोर नाही, बाथरूमच्या भिंतीला लागून नाही, आणि बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नाही, जुलैत ती भिंत घामेजते. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर मी म्हणेन जून ते सप्टेंबर प्रिंट काढून ठेवा. आम्लरहित फोल्डर, वर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या (रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरता येतात), डबा कपाटात मधल्या फळीवर. डांबराच्या गोळ्या, कापूर काही टाकू नका. कसर फोल्डरमध्ये शिरते, खळ तिला फार आवडते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा. बुरशीचा वास आला तर पुसत बसू नका, बुरशी रंगात घासली जाते, कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि कागदाचं काम करणारा संवर्धक गाठा.

आणि एकच प्रिंट वर्षभर भिंतीवर ठेवू नका. आमच्याकडे दर तीन-चार महिन्यांनी पाळी बदलते. आई म्हणते, पूर्वी कॅलेंडरचं पान बदलायचे तसं तुझं चाललंय.

११. वही ठेवा

प्रत्येक प्रिंटचं एक पान: शीर्षक फ्रेंचमध्ये आणि मराठीत अर्थ, वर्ष, कॅटलॉग नंबर, कुठला शिक्का, एडिशन नंबर, माप, खोदणारा, छापणारा, दोष, कुठून घेतली, किती ला, बिल कुठे ठेवलंय. पुढचा, मागचा आणि टॉर्च लावलेला असे तीन फोटो. घरच्यांना ही वही कुठे आहे ते सांगून ठेवा, नाहीतर आपल्यामागे रद्दीवाला.

आणि हे सगळं वहीत लिहा, प्रिंटच्या मागे नाही. माझ्या एका प्रिंटच्या मागे आधीच्या कुठल्यातरी मालकाने बॉलपेनने चांगलं दाबून किंमत लिहिलीय, पुढून बघितलं की ती बरोबर मुलीच्या गालावर उठते.